सहा, अकरा, चार, नऊ

३ मार्च, सोमवार

जुने टॉवेल द्यायला म्हणून गेले आणि दोन मांजरीची पिल्लं घेऊन आले.

यांच्या आजारपणातल्या चादरी आणि टॉवेल कपाटात पडून होते. गठ्ठा बांधला आणि प्राण्यांच्या निवारा केंद्रात नेऊन दिला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, “घरी कोण कोण असतं?” म्हटलं, मी आणि माझे मिस्टर, ते आजारी असतात. “म्हणजे दिवसभर कुणी ना कुणी घरात असतंच!” बाईंचा चेहरा असा उजळला की मी तिथेच ओळखायला हवं होतं.

एक बोका आहे. त्याच्या मेंदूचा तोल सांभाळणारा भाग जन्मतःच अपुरा, त्यामुळे चार पावलं टाकली की एकदा पडतो. दुसरी भाटी. तिची शेपटी दुकानाच्या शटरमध्ये अडकली, कापून टाकावी लागली, आणि शेपटीच्या मुळाशी नस ताणली गेली. तिला लघवी आपली आपण करता येत नाही. पोट दाबून करवावी लागते. सकाळी सहा, अकरा, दुपारी चार, रात्री नऊ. नस सुधारली तर सहा आठवड्यांत सुधारेल, म्हणजे चौदा एप्रिलपर्यंत. सुधारली तर तिला घर शोधता येईल. नाही सुधारली तर?

“वारंवार संसर्ग होत राहतो,” बाई म्हणाल्या. “मग एका टप्प्यावर आम्ही त्यांना त्रासातून सोडवतो.” सोडवतो म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

नाव ठेवायचं नाही, असा केंद्राचा नियम आहे. नाव ठेवायचा मान कायमचं घर देणाऱ्याचा. मी बोक्याला डुलक्या म्हणते आणि शेपटी नसलेलीला बांडी. ही काही नावं नव्हेत, वर्णनं आहेत.

सूचनांचा छापील कागद दिलाय. घरी आल्या आल्या बेसिनजवळच्या कपाटाच्या दारावर चारी बाजूंनी रुंद चिकटपट्टी मारून पक्का लावला, नाहीतर डुलक्या ओढून फाडेल. त्याआधी तो टेबलावर होता तेव्हा हे डाव्या हाताने उलटसुलट करून बघत बसले होते. म्हटलं, द्या इकडे, मळेल.

४ मार्च, मंगळवार

सहाला दाबलं, काही आलं नाही. अकराला दाबलं, सगळं माझ्या बाहीवर. चारला डोळ्यात. नऊला मी आणि बांडी दोघी रडकुंडीला आलो. हे दारात उभे राहून हसत होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर सात महिन्यांत पहिल्यांदा. हसतात तेव्हा तोंड एका बाजूला जातं.

७ मार्च, शुक्रवार

जमलं! डाव्या तळव्यावर छाती टेकवायची, उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा पोटाच्या मागच्या भागावर, चाचपायचं. लघवीची पिशवी लिंबाएवढी लागते. मग हलकेच मागच्या बाजूला दाब द्यायचा, की बेसिनमध्ये सरळ धार. झालं की बांडी अंग झटकते आणि खाऊ मागते. इतकं समाधानाचं काम मी नोकरीतही कधी केलं नाही.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवते. बांडीचं दाबलं की तिला लगेच बरं वाटतं, आणि ते मला दिसतं. यांचं तसं नाही. यांच्यासाठी दिवसभर राबावं आणि संध्याकाळी माणूस सकाळी होता तसाच.

आज शर्ट घालताना बटणांशी झटापट चालली होती. डाव्या हाताने एक बटण, तीन मिनिटं. पुढे होऊन पाचही लावून टाकली. वीस सेकंद. यांनी हात खाली सोडले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

१२ मार्च, बुधवार

लेकीचा फोन. ती परगावी असते, दर बुधवारी करते. “आई, घरात एक माणूस आहे सेवा करायला, तो पुरत नव्हता का?” म्हटलं, तू नको उंटावरून शेळ्या हाकूस. मग म्हणाली, “बाबांना दे.” दिला. हे म्हणाले, “मी... मी...” आणि अडले. इतका वेळ लेकीला कशाला ताटकळत ठेवायचं? मी मागून सांगितलं, “मी बरा आहे, म्हणतायत. जेवण नीट जातंय. झोप लागते.” यांनी फोन माझ्या हातात दिला आणि उठून गेले.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे आम्ही दोन महिने जात होतो. त्यांनी मला सांगितलं होतं, “ते अडले की शब्द पुरवू नका. मनात वीस आकडे मोजा.” वीस! सव्वीस वर्षं मी तिकीट-खिडकीवर बसले. समोरचा ‘दोन’ म्हणतो न म्हणतो तोच तिकिटं त्याच्या हातात. कोण कुठे जाणार हे मला चेहऱ्यावरून कळायचं. माझ्या खिडकीसमोर कधी रांग लागली नाही. आणि ज्या माणसाबरोबर चौतीस वर्षं काढली त्याच्या मनातलं कळायला मला वीस आकडे लागतात होय? गेल्या महिन्यात जाणंच बंद केलं. फरक काही पडत नव्हता.

१६ मार्च, रविवार

डुलक्याला घर मिळालं. एक माळी आणि त्याची बायको, दोघंही साठीच्या पुढचे. डुलक्या त्यांच्याकडे जायला निघाला आणि वाटेत सपशेल आडवा झाला. मी धावले. माळीबुवा म्हणाले, “राहू द्या की बाई. पडलाय तसा उठेल.” तो खरंच उठला. पुन्हा पडला. पुन्हा उठला. माळीबुवा गुडघ्यांवर हात ठेवून शांत बघत होते. हाडं मोडली असती म्हणजे? मला तो माणूस अजिबात आवडला नाही. पिंजरा दिला, पण दिवसभर चैन पडली नाही. दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा त्यांनी उचलला नाही.

आता घरात बांडी, मी आणि हे.

२० मार्च, गुरुवार

गळती सुरू झाली आहे. धुण्याच्या मशीनमागे ओलं सापडलं. काल वाळूच्या ट्रेमध्येही एका कोपऱ्यात ओलं होतं. म्हणजे माझं दाबणं पुरत नाही, पिशवी पूर्ण रिकामी होत नाही आणि राहिलेलं झिरपतं. उद्यापासून सहा वेळा. सहा, नऊ, बारा, तीन, सहा, नऊ. गजर लावून ठेवलेत.

यांनी माझी बाही धरून ट्रेपाशी नेलं. बोट दाखवलं. “ती... ती...” “हो, ओलं आहे. बघितलं मी. बदलते वाळू.” यांनी मान जोरजोरात हलवली. “बरं बाबा, आत्ता बदलते!” बदललीसुद्धा. तरी तोंड वाकडंच.

२४ मार्च, सोमवार

सहा वेळांचा गुण आला. पिशवी आता चाचपल्यावर वाटाण्याएवढी लागते. कधी कधी तर हातालाच लागत नाही, तरी मी नेमाने दाबते. चार थेंब का होईना, काढते. मनात म्हटलं, शाब्बास.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. “मध्ये कधी आपली आपण करते का?” म्हटलं, छे, गळतं नुसतं. त्या म्हणाल्या, “गळत असेल तर नस सुधारत नाहीये. लक्ष ठेवा.” फोन ठेवला. बांडी माझ्या पायावर चढून चपलेचा बंद चावत बसली होती. तिला काय कल्पना.

२८ मार्च, शुक्रवार

बारा वाजता दाबलं तेव्हा लालसर थेंब आला. पिंजरा घेऊन रिक्षा करून धावत केंद्रात. बाईंनी तपासलं, औषध दिलं. “संसर्ग आहे. पोटही दुखरं झालंय. जरा हलक्या हाताने.” हलक्या हाताने! याहून हलका हात माझ्या आईचाही नव्हता. निघताना बाई म्हणाल्या, “चौदा तारखेला आपण बसून ठरवू. मनाची तयारी ठेवा.”

घरी आले तर काय? हे कपाटाच्या दारावरचा सूचनांचा कागद नखाने खरवडत उभे. एक कोपरा उचकटला होता. माझा ताबा सुटला. “आधीच जिवाला घोर, त्यात तुमचे हे उद्योग!” यांनी डाव्या हाताच्या मुठीने दारावर धाडकन मारलं. झटका आल्यानंतर असा राग येतो माणसाला, इस्पितळात सांगितलंच होतं. मी चिकटपट्टी आणली आणि कोपऱ्यावर दुहेरी मारली.

नंतर मोरीत जाऊन रडले. कशासाठी ते नक्की सांगता येणार नाही.

२ एप्रिल, बुधवार

बसवत नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशासाठी उठले ते आठवत नाही. गजर व्हायच्या आधीच हात शिवशिवायला लागतात. बांडी आता मला बघून पलंगाखाली जाते. पूर्वी धावत यायची. ओढून काढावी लागते. हे तेव्हा मुद्दाम पलंगावर पाय खाली सोडून बसतात, वाट अडवून. म्हटलं, सरका. सरकत नाहीत. आजारी माणसाशी काय भांडायचं, पलीकडच्या बाजूने हात घातला.

लेकीचा फोन आला होता. बाबा झोपलेत, असं सांगितलं. जागे होते.

५ एप्रिल, शनिवार

आजचं जमेल तसं लिहिते. गाल सुजलाय.

दाढ तीन दिवस ठणकत होती. बांडीमुळे टाळत होते, पण सकाळी कळ डोक्यात गेली. नऊचं दाबून निघाले. यांना सांगितलं, बारापर्यंत येते, तुम्ही तिला हात लावू नका, एका हाताचं काम नाही ते. आणि तिथे घोडं अडलं. दाढ अर्धी तुटली, मूळ आत राहिलं. दातांचे डॉक्टर घामाघूम. मी खुर्चीत तोंड उघडं टाकून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतेय. बारा वाजले. एक वाजला. हाताने खुणा केल्या, मला जायचंय, घरी मांजर आहे. तोंडात अवजारं असताना मांजराची खूण कशी करतात? डॉक्टरांना वाटलं मला उलटी होतेय.

सुटले तेव्हा तीन वाजून गेले होते. तोंडात कापसाचा बोळा, अर्धी जीभ बधिर. “घट्ट चावून धरा. तासभर एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर पुन्हा रक्त सुरू होईल.”

साडेतीनला घरात पाऊल टाकलं. साडेसहा तास! पिशवी फुटली असेल, विष अंगात पसरलं असेल, काय काय मनात येत होतं. पलंगाखाली बघितलं, नव्हती. मशीनमागे नव्हती. हे स्टुलावर बसले होते, वाळूच्या ट्रेशेजारी, आणि बांडी त्यांच्या मांडीवर पाय ताणून झोपली होती. खेचूनच घेतली. चाचपलं. पोट मऊ. पिशवी हाताला लागेना. रिकामी.

मला काहीच कळेना. यांनी ट्रेकडे बोट केलं. वाळूत एक मोठा, मुठीएवढा ओला गोळा होता आणि त्यावर पंजाने वाळू ओढलेली होती. गळलेल्यावर कोणी वाळू ओढतं का?

मी यांच्याकडे बघितलं. यांनी तोंड उघडलं.

“ती...”

माझ्या जिभेवर शब्द आला होता. नेहमीसारखा. पण जीभच माझी नव्हती आणि दातांत कापूस. मी उभी राहिले. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून आकडे मोजू लागले. नऊ. दहा. यांच्या गळ्याची शीर वर आली होती. पंधरा. नजर माझ्यावरून हलत नव्हती. वीस झाले. वीस आकड्यांत काही आलं नाही. एकवीस. बावीस.

“ती... स्वतः... करते.”

मी मान हलवली.

हे पुन्हा थांबले. या वेळी मी एकोणतीसपर्यंत गेले.

“रोज करते. तू... टाकी... भरूच... देत नाहीस.”

मग हे उठले, कपाटापाशी गेले, माझ्याकडे एकदा बघून घेतलं आणि दुहेरी चिकटपट्टीसकट तो कागद डाव्या हाताने टर्रकन फाडून काढला. उलटा करून माझ्यासमोर धरला. मागेही छापलेलं होतं. एक महिना दोन दिवस मी हा कागद दिवसातून चार वेळा, सहा वेळा डोळ्यांसमोर ठेवून काम करतेय आणि त्याची मागची बाजू कपाटाच्या दाराला चिकटलेली. कलम सात: ‘पिशवी दोनदा लहान लागली, तर पुढची पाळी सोडा. पिल्लू स्वतः प्रयत्न करते का ते पाहा. आम्हाला कळवा.’ आणि त्याखाली ठळक: ‘गरज नसताना दाबू नका. इजा होते.’

हे यांनी पहिल्याच दिवशी वाचलं होतं.

मी जमिनीवर बसले. रडायचं म्हटलं तर कापूस पडेल. नाकानेच रडले. यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. बांडी दोघांच्या मधून निघाली, ट्रेमध्ये गेली, नुसतीच उकरून बाहेर आली. मला दाखवायलाच जणू.

६ एप्रिल, रविवार

डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या. बांडीला तपासलं, ट्रे पाहिला, कागद पाहिला, चिकटपट्टी पाहिली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “सगळ्यात काळजी घेणाऱ्यांच्याच हातून होतं हे.” अति तिथे माती, असं माझी आई उठता बसता म्हणायची. मी तेव्हाही पुढचं ऐकून घेत नसे.

आठवडाभर दाबायचं नाही. रोज वाळूतले गोळे मोजायचे. चौदा तारखेला निकाल.

माझी चूक कागदाची मागची बाजू न वाचण्याची. एवढीच, असं सकाळपासून स्वतःला सांगतेय.

९ एप्रिल, बुधवार

गोळे: काल चार, आज दुपारपर्यंत तीन.

लेकीचा फोन आला. यांच्या हातात दिला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली. बाहेरून काहीच ऐकू येईना. फोन कट झाला असणार, जाऊन बघावं, लेक काय म्हणेल, नळ बंद करावा का. कढईचा तळ खरवडून पांढरा केला. शेवटी यांचा आवाज आला. काय म्हणाले ते कळलं नाही. मग लेक पलीकडे मोठ्याने हसल्याचं मात्र दारापर्यंत ऐकू आलं.

फोन सोळा मिनिटं चालला. काय बोललात, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. अजून विचारलेलं नाही. जीव नुसता टांगणीला लागलाय.

१२ एप्रिल, शनिवार

सहा वेळांचे गजर काढून टाकले, पण पहिल्या चार वेळांचे जुने गजर मी बंद केलेले नाहीत. वाजतात. मी उठते, बांडीपर्यंत जाते, हात मागे बांधून उभी राहते, परत येते. बांडी पलंगाखाली जात नाही आता. आज गजर झाल्यावर उलट तीच आली आणि पायाला घासून गेली.

१४ एप्रिल, सोमवार

बांडी पास झाली. डॉक्टरीणबाईंनी घरी येऊन कागदावर सही केली. दुपारी दोनला घर देणारी आली. ती घरीच पुस्तकं बांधते. बोटांना वाळलेला गोंद, बोलणं चटचट, अगदी माझ्यासारखं.

“रोज हिला कितीदा दाबायचं? काय काय करायचं? मला सगळं लिहूनच द्या, मी भिंतीला लावून ठेवते!”

माझं तोंड उघडलं होतं. पण ती यांच्याकडे बघत होती, कारण बांडी यांच्या मांडीवर होती. मी पदराशी चाळा करत मनात आकडे धरले. बाईंडरबाई माझ्याकडे बघू लागल्या, मग डॉक्टरीणबाईंकडे, मग पुन्हा माझ्याकडे. अठरा. एकोणीस. ओठ चावून धरला. दाढेची जागा दुखली.

“काही... करायचं नाही,” हे म्हणाले. आणि मग, पुन्हा बऱ्याच वेळाने, “बसायचं. जवळ.”

बाईंडरबाईंनी लिहून घेतलं. त्यांनी तिचं नाव काय ठेवणार ते सांगितलं. चांगलं आहे नाव. मी इथे लिहीत नाही, माझ्यासाठी ती बांडीच. पिंजऱ्याचं दार लावताना तिने माझं बोट चावलं, हलकंच, चपलेचा बंद चावायची तसं.

चार वाजले आणि गजर झाला. मी उठलेसुद्धा. घरात दाबायला कोणी नाही.

संध्याकाळी आम्ही बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे जाणार आहोत. मी सकाळीच फोन करून वेळ घेतली. यांना विचारून घेतली, म्हणजे विचारलं आणि थांबले. हे कपडे करायला आतल्या खोलीत गेलेत. दार अर्धवट उघडं आहे. पंधरा मिनिटं झाली. दुसऱ्या बटणाला शर्ट वरखाली झाला म्हणून सगळी काढून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंय. हात मोकळे राहिले की आत जातील, म्हणून वही घेऊन दाराबाहेर उभी आहे आणि उभ्या उभ्याच हे लिहितेय. उशीर होणार. होऊ दे.

तिसरं लागलं.

चौथं.